मदत हवी आहे: पुण्यातल्या प्लेगचा आकडा कुठला धरावा?

एमएच्या प्रबंधिकेसाठी १८९७च्या पुण्यातल्या प्लेगवर काम करतेय. साथरोग कायदा, २२ जूनचा प्लेग अधिकारी रँडवरचा हल्ला याबाबत अडचण नाही. घोडं अडलंय मृतांच्या आकड्यावर. बऱ्याच संकेतस्थळांवर एकच आकडा, वाक्यही तेच, संदर्भ कुणाचाच नाही. एका ऑनलाइन ज्ञानकोशात तळटीप मिळाली, ती जाते एका वृत्तपत्रीय लेखाकडे. पानाचा इतिहास उघडला, तर ते वाक्य लेख छापून येण्याच्या आधीपासूनच तिथे! कुणी कुणाचं उचललं ते उघड आहे.

इंटरनेट अर्काइव्हवर त्या काळच्या सरकारी अहवालाचं स्कॅन मिळालं. त्याच्या यंत्रानं वाचून केलेल्या टेक्स्ट फाइलमध्ये ३चे ८ झालेत, म्हणून मूळ पानांची चित्रंच वाचते. आकडा वेगळा निघतो, पण तो फक्त नोंदलेल्या मृत्यूंचा. रुग्ण शोधायला होणाऱ्या घरोघरच्या झडतीच्या धास्तीनं लोक रुग्ण लपवत होते.

गाइडना नुसती लिंक चालत नाही, आणि मुंबईच्या पुराभिलेखागारात जाणं सध्या शक्य नाही. तर हा आकडा ताडून पाहायला घरबसल्या मिळेल असा दुसरा समकालीन स्रोत कोणता? आणि स्कॅनचा संदर्भ मूळ अहवाल म्हणून द्यायचा की संकेतस्थळ म्हणून?