अल्जिनेटचे मणी मिथिलीन ब्लू ओढतात, पण रंगाईचं पाणी तसंच राहतं

गंगापूररोड_रसायन:
रंगाईच्या पाण्यातला रंग काढण्याच्या एम.एस्सी. प्रकल्पासाठी २ टक्के सोडियम अल्जिनेट (समुद्री शेवाळातून मिळणारा जेल होणारा पदार्थ) ३ टक्के कॅल्शियम क्लोराइडमध्ये थेंब-थेंब सोडून मणी केले आहेत. मिथिलीन ब्लू या निळ्या रंगाचं ५० मिग्रॅ/लिटर द्रावण त्यांनी जवळजवळ नितळ होतं. येवल्याच्या रेशीम रंगाईचं पाणी (लाल ॲसिड रंग) मात्र रात्रभर ठेवूनही लालच. मालेगावच्या सुताच्या रंगाईच्या पाण्यात (रिॲक्टिव्ह रंग) तर मणी फुगून विरघळले, तळाशी पांढरा गाळ बसला. मणी जास्त टाकून बघू का?

सातपूर_ईटीपी:
जास्त टाकून काही होणार नाही, अडचण भाराची आहे. अल्जिनेटवर कार्बोक्झिलेट गट असतात, म्हणजे ऋणभार. मिथिलीन ब्लू धनभारित, म्हणून बसतो. ॲसिड आणि रिॲक्टिव्ह रंगांवर सल्फोनेट गट असतात, तेही ऋणभारित. ते जवळ येणारच नाहीत.

मणी विरघळण्याचं कारण वेगळं. रिॲक्टिव्ह रंगाईत लिटरला ५०-८० ग्रॅमपर्यंत मीठ आणि वर सोडा ॲश पडतो. सोडियम कॅल्शियमला हुसकावतो, जाळं सुटतं. सुटलेलं कॅल्शियम कार्बोनेटबरोबर खाली बसतं, तोच तुमचा पांढरा गाळ. फॉस्फेट बफरमध्येही हे मणी टिकत नाहीत.

जेल_आणि_पाणी:
या दोन्ही पाण्यांसाठी कायटोसान (कोळंबी-खेकड्यांच्या कवचापासून मिळणारा पदार्थ) घ्या. १०० मिली २ टक्के ॲसेटिक ॲसिडमध्ये २ ग्रॅम कायटोसान रात्रभर ढवळा, कापडातून गाळा, बुडबुडे निघेपर्यंत ठेवा. सिरिंजने १ मोलर सोडियम हायड्रॉक्साइडमध्ये थेंब सोडा. मणी तीन-चार तास तिथेच राहू द्या, मग धुण्याचं पाणी उदासीन होईपर्यंत धुवा.

नुसते कायटोसानचे मणी आम्लात विरघळतात, म्हणून ०.२५ टक्के ग्लुटाराल्डिहाइडमध्ये (कायटोसानच्या साखळ्या एकमेकींना बांधणारं रसायन) दोन तास ठेवा (हातमोजे, चष्मा आणि फ्यूम हूड हवाच). प्रमाण वाढवलंत तर मणी घट्ट होतात, पण रंग धरणारे अमाइन गटच खर्ची पडतात. मणी गडद तपकिरी झाले की समजा जास्त झालं.

पाण्याचा पीएच ४-५ वर आणा, तेव्हा अमाइन गट धनभारित होतात. मालेगावच्या पाण्यात सोडा ॲश असल्याने ॲसिड टाकताच फेस उसळेल. उंच भांडं घ्या, थेंबाथेंबाने टाका. मिठामुळे पकड थोडी ढिली पडणारच. त्यामुळे रंगाच्या टाकीतलं पाणी न घेता नंतरच्या धुण्याचं पाणी घेतलंत तर निकाल चांगला येईल.

गंगापूररोड_रसायन:
धन्यवाद सर. किती रंग बसला ते ओल्या मण्यांच्या वजनावर काढू का?

सातपूर_ईटीपी:
नाही, कोरड्या वजनावरच. थोडे ओले मणी वेगळे वाळवून गुणोत्तर काढा. १०० मिली द्रावण ५० वरून ८ मिग्रॅ/लिटरवर आलं आणि मणी कोरडे ०.१ ग्रॅम असतील, तर ४२ मिग्रॅ/ग्रॅम.

इथे बरेच जण फसतात. ओल्या मण्यांत ९५ टक्क्यांच्या आसपास पाणी असतं. ५० मिली द्रावणात ५ ग्रॅम ओले मणी टाकले की नुसत्या पातळ होण्यानेच वाचन नऊ टक्क्यांच्या आसपास उतरतं. ते अधिशोषण म्हणून मोजू नका. मिथिलीन ब्लू काचेलाही चिकटतो, म्हणून बिनमण्यांचा एक फ्लास्क सोबत ठेवायचाच. आणि रंगाईच्या पाण्याचा आलेख (वाचनावरून रंगाचं प्रमाण काढायचा) त्याच पीएचला नव्याने काढा. ६६४ नॅनोमीटर ही मोजण्याची तरंगलांबी फक्त मिथिलीन ब्लूसाठी.

जेल_आणि_पाणी:
कायटोसानवरचा रंग ०.१ मोलर सोडियम हायड्रॉक्साइडने सुटतो, मणी धुऊन पुन्हा वापरता येतात. सुटलेला रंग त्या थोड्या द्रावणात दाट होऊन बसतो. ते बेसिनमध्ये ओतू नका, बंद कॅनमध्ये लेबल लावून प्रयोगशाळेच्या घातक कचऱ्यात द्या. निकामी मणीही तिथेच.