के-पॉपचं वेड नेमकं कशामुळे लागतं?

जिज्ञासू:
कोरियन भाषेचा गंधही नसलेले लोक के-पॉपचे पक्के चाहते होतात. चाली कानात बसतात एवढंच, की आणखी काही?

तालवेडा:
चाल दारापर्यंत आणते, आत ओढतो तो फॅनकॅम. गाणंभर कॅमेरा एकाच कलाकारावर. सात-आठ जणांच्या गटात टीव्हीवर एकेकाला काही सेकंदच मिळतात. इथे मागच्या रांगेत गेल्यावरही न ढळणारा चेहरा, पावलांची अचूक जागा, सगळं दिसतं. ईएक्सआयडी या मुलींच्या गटाचं 'अप अँड डाउन' ऑगस्ट २०१४ मध्ये आलं आणि मागे पडलं. ऑक्टोबरमध्ये काढलेला, गटातल्या हानीचा फॅनकॅम पसरला, गाणं पुन्हा चार्टवर चढलं, आणि जानेवारी २०१५ मध्ये टीव्हीवरच्या संगीत कार्यक्रमांत पहिलं आलं!

रेवा:
त्यात ते कोरियन टीव्हीवरचे साप्ताहिक संगीत कार्यक्रम. गुरुवारी एम काउंटडाउन, शुक्रवारी म्युझिक बँक, शनिवारी म्युझिक कोअर, रविवारी इन्किगायो. पहिल्या क्रमांकाच्या गुणांत स्ट्रीमिंग आणि अल्बमविक्री धरतात, म्हणून चाहत्याला वाटतं की आपलाही हातभार लागतोय. फोटोकार्डांपासून, म्हणजे अल्बमसोबत येणाऱ्या कलाकारांच्या छोट्या फोटोंपासून, मात्र जपा. अल्बममधून कोणाचं कार्ड निघेल ते आधी कळत नाही, आणि हवं ते मिळेपर्यंत लोक अल्बम घेतच सुटतात. एकच घ्या, बाकी अदलाबदल करा. त्याआधी कार्ड उजेडात तिरपं धरून काढलेला व्हिडिओ मागा. समोरून काढलेल्या फोटोत ओरखडे दिसत नाहीत.

जिज्ञासू:
सुरुवात कुठून करू?

तालवेडा:
डान्स प्रॅक्टिसच्या व्हिडिओपासून. कॅमेरा बहुधा स्थिर असतो, त्यामुळे कोण कुठून कुठे सरकतो ते कळतं. फॅनकॅम त्यानंतर.