प्रॉपर्टी टॅक्स आणि शाळा

कुणीतरी लिहिलंय की अमेरिकेत सरकारी शाळा फुकट, म्हणजे सगळा पैसा वॉशिंग्टनहून येत असणार. तसं नाहीये हो. केंद्राचा वाटा साधारण १० टक्क्यांच्या आसपास, बाकीचं राज्य आणि लोकल मिळून, आणि लोकल म्हणजे मुख्यतः घरावरचा प्रॉपर्टी टॅक्स, त्यामुळे जिथली घरं महाग तिथे दर कमी ठेवूनही शाळेला भरपूर मिळतं आणि गरीब गावाने दर चढवला तरी पुरत नाही, सगळ्या भानगडीचं मूळ हे.

१९७३ मध्ये टेक्ससमधल्या सॅन अँटोनियोच्या पालकांची याच विषमतेविरुद्धची केस सुप्रीम कोर्टात गेली, ५-४ ने हरले. कोर्ट म्हणालं फेडरल घटनेत शिक्षण हा मूलभूत हक्क नाही. मग भांडणं राज्यांच्या कोर्टात सुरू झाली. टेक्ससमध्ये १९९३ पासून श्रीमंत स्कूल डिस्ट्रिक्टचा (म्हणजे शाळा चालवणाऱ्या स्थानिक विभागाचा) पैसा काढून गरीब डिस्ट्रिक्टना देतात, लोक त्याला रॉबिन हूड म्हणतात (प्रेमाने नाही!). मला मिशिगनचा मार्ग जास्त पटतो, १९९४ ला शाळेसाठीचा प्रॉपर्टी टॅक्स बराच कापला आणि सेल्स टॅक्स ४ चा ६ टक्के केला. अर्थात मंदी आली की सेल्स टॅक्स आटतो, घरावरचा तसा पटकन आटत नाही, ही गोम आहेच.

न्यू जर्सीत आपली मंडळी घर घेताना आधी शाळेचं रेटिंग बघतात आणि नंतर टॅक्सच्या बिलावरून कुरकुरतात, पण दोन्ही एकाच पॅकेजमध्ये येतं ना! हे नको असेल तर हवाईला जा, तिथे अख्ख्या राज्याचा एकच स्कूल डिस्ट्रिक्ट आहे.