छत्तीसचा त्रेसष्ट होणाऱ्या, विद्यापीठातल्या प्रेमकादंबऱ्या सुचवा

शेवटचा_बाक
कट्टर प्रतिस्पर्धी पुढे प्रेमात पडतात आणि दोघंही संशोधक, प्राध्यापक नाहीतर विद्यार्थी आहेत, अशा कादंबऱ्या हव्या आहेत. इंग्रजी चालतील. अटी तीन: भांडण कामावरून असावं, गाईड-विद्यार्थिनी जोडी नको आणि शेवटी तिने करिअरवर पाणी सोडलेलं नको. अली हेझलवूडचं 'द लव्ह हायपोथेसिस' (२०२१) वाचून झालंय, पण त्यात खोटं डेटिंग आहे, स्पर्धा नाही. शक्यतो शेवट फोडू नका.

कोरा_कागद
आधी एक गाळणी देतो, म्हणजे पुस्तक निवडणं सोपं जाईल. पहिल्या पन्नासेक पानांत दोन गोष्टी शोधा. एक, दोघांना नेमकं काय हवंय? एकच नोकरी, एकच शिष्यवृत्ती, पेपरवर पहिलं नाव, काहीही चालेल, पण ते एकालाच मिळू शकेल असं हवं. दोन, एकाने दुसऱ्याचं काम खरोखर वाचलंय का? या प्रकाराची सगळी गोडी त्या दुसऱ्या प्रश्नात आहे. प्रबंध लिहिणाऱ्याला पुरतं वाचणारी माणसं हाताच्या बोटांवर मोजण्याइतकी असतात, आणि त्यातला सर्वांत बारकाईने वाचणारा बहुतेक वेळा प्रतिस्पर्धीच असतो, कारण त्याला चूक शोधायची असते. तुमच्या तळटिपेतली गफलत ज्याला सापडते, त्याने तुम्हाला किती लक्ष दिलंय ते वेगळं सांगावं लागत नाही. पुस्तकात हे नसेल तर उरतात ते टोमणे आणि लांब पापण्या.

या गाळणीतून हेझलवूडचंच 'लव्ह, थिओरेटिकली' (२०२३) पार पडतं. एल्सी सैद्धांतिक भौतिकीवाली, जॅक प्रायोगिक. जॅकने सतरा-अठराव्या वर्षी एक बनावट लेख सैद्धांतिक नियतकालिकात छापून आणला आणि त्या अख्ख्या शाखेची नाचक्की झाली. इथे ॲलन सोकलचं १९९६ चं खरं प्रकरण माहीत असलं तर जास्त मजा येते. सोकल स्वतः भौतिकशास्त्रज्ञ. त्याने 'सोशल टेक्स्ट' या सांस्कृतिक अभ्यासाच्या नियतकालिकात मुद्दाम निरर्थक लेख छापवून घेतला होता. कादंबरीत तोच वार भौतिकीच्या घरात होतो.

गव्हाळ
'लव्ह, थिओरेटिकली'बद्दल एक जोड. एल्सी ॲडजंक्ट आहे, हे नीट समजलं नाही तर तिची धडपड उगाचची वाटते. अमेरिकेत ॲडजंक्ट म्हणजे आपल्याकडच्या तासिका तत्त्वावरच्या प्राध्यापकासारखं: अभ्यासक्रमागणिक पैसे, पुढच्या सत्राची हमी नाही आणि बऱ्याच ठिकाणी आरोग्य विमाही नाही. तिला टाइप १ मधुमेह आहे, म्हणजे इन्शुलिन रोजचं. एमआयटी विद्यापीठातली जागा तिला मानासाठी हवी आहेच, पण आधी औषधासाठी हवी आहे. स्पर्धेला धार येते ती या हिशेबामुळे.

मात्र खटकणारी गोष्टही सांगते. जॅक त्याच विद्यापीठात आहे आणि निवडीत त्याच्या मताला वजन आहे, म्हणजे पारडं समान नाही. लेखिकेला हे ठाऊक आहे, ती मधेमधे ते हाताळतेही. तरी तुमच्या दुसऱ्या अटीच्या हे काठावर आहे, एवढं धरून वाचा.

'लव्ह ऑन द ब्रेन' (२०२२) मात्र टाळा. नासाच्या प्रकल्पावर दोघं बरोबरीचे प्रमुख आहेत, मांडणी झकास आहे, पण वैर गैरसमजातून आलेलं आहे. गैरसमज फिटला की वैर संपतं आणि वाद घालायला मुद्दाच राहत नाही. स्पर्धा खरी असेल तर ती प्रेम कबूल केल्यानंतरही तशीच समोर उभी असते. नवशिक्या लेखकांचं गाडं इथेच अडतं.

कोरा_कागद
@गव्हाळ, अगदी मान्य. शत्रू आणि प्रतिस्पर्धी यांत हाच फरक.

जुनी_वही
सगळे २०२१ नंतरचंच सांगताहेत. या प्रकाराचं मूळ १९०८ साली आहे: एल. एम. मॉन्टगोमेरीचं 'ॲन ऑफ ग्रीन गेबल्स'. गिल्बर्ट वर्गात ॲनची वेणी धरून तिला 'गाजर' म्हणतो, ती पाटी उचलून त्याच्या डोक्यात हाणते, पाटीचे दोन तुकडे. एवढंच सगळ्यांच्या लक्षात राहतं. खरा कस पुढे लागतो. दोघं क्वीन्स या अध्यापक महाविद्यालयाची प्रवेश परीक्षा देतात आणि निकालाच्या यादीत दोघंही पहिले, गुण सारखे. पुढे क्वीन्समध्ये त्याला पदक, तिला एव्हरी शिष्यवृत्ती. लेखिकेने तराजू शेवटपर्यंत एका बाजूला झुकू दिलेला नाही. अबोला असतानाही ॲनला कळून चुकतं की गिल्बर्ट नसेल तर पहिलं येण्यात राम नाही.

पहिल्या भागात फक्त समेट होतो. प्रेम आणि महाविद्यालय हवं असेल तर तिसरा भाग, 'ॲन ऑफ द आयलंड' (१९१५), वाचा. दुसरा भाग चाळला तरी चालेल. दोन्ही पुस्तकं स्वामित्वहक्कातून मुक्त आहेत, प्रोजेक्ट गुटेनबर्गवर फुकट मिळतात.

शेवटचा_बाक
ॲन यादीत घेतली. थोडं जादूचं, अद्भुत असं काही? आणि गंभीर वळणाचं?

गव्हाळ
अद्भुत हवं असेल तर हेदर फॉसेटचं 'एमिली वाइल्ड्स एन्सायक्लोपीडिया ऑफ फेअरीज' (२०२३). एमिली केंब्रिजची प्राध्यापिका, विषय परीलोकाचा अभ्यास, काळ १९०९. ती उत्तरेकडच्या एका गोठलेल्या गावात क्षेत्रकार्याला जाते आणि मागोमाग वेंडेल बँबलबी, तिचा सहकारी आणि प्रतिस्पर्धी, न बोलावता टपकतो. सगळं पुस्तक तिच्या रोजनिशीच्या रूपात आहे, खाली तळटिपा. त्या गाळू नका. एमिली मनातलं कबूल करत नाही, मात्र वेंडेलबद्दलच्या तक्रारी जसजशा लांबत जातात तसतसं वाचकाला तिच्याआधी कळतं. तीन भाग पूर्ण झालेत (२०२३, २०२४, २०२५), पहिला एकटाही पुरतो.

काळोखं हवं असेल तर आर. एफ. क्वांगचं 'कॅटाबेसिस' (२०२५). ॲलिस आणि पीटर केंब्रिजला एकाच गाईडच्या हाताखाली जादूवर पीएचडी करताहेत. गाईड मरतो. शिफारसपत्र त्याच्याकडूनच हवं, म्हणून दोघं नरकात उतरतात, आणि प्रवेशाची किंमत म्हणजे उरलेलं अर्धं आयुष्य. एका सहीसाठी माणूस काय काय मोजतो, हे इतकं उघडं करून क्वचितच कोणी लिहिलं असेल. पण गाईडकडून होणारा छळ आणि आत्महत्येचे विचार यात आहेत, मन ठीक नसताना हातात घेऊ नका. प्रेमकथा म्हणून मोजलं तर प्रेम थोडं आणि उशिरा आहे.

कोरा_कागद
शाळकरी वयाचं चालत असेल तर रेचेल लिन सॉलोमनचं 'टुडे टुनाइट टुमॉरो' (२०२०). सिॲटल, शाळेचा शेवटचा दिवस, चोवीस तासांत सगळं. एका बैठकीत होतं.

जुनी_वही
गंभीर म्हटल्यावर डोरोथी सेयर्सचं 'गॉडी नाइट' (१९३५) राहून कसं चालेल! रहस्यकथा लिहिणारी हॅरिएट आणि गुन्हे उकलणारा पीटर तसे प्रतिस्पर्धी नाहीत, म्हणून नियमात बसत नाही, पण बुद्धीने बरोबरीच्या दोघांनी एकत्र यायचं कसं, हा प्रश्न यापेक्षा खोलात कुणी नेलेला मला माहीत नाही. ऑक्सफर्डचं एक काल्पनिक महिला महाविद्यालय, निनावी पत्रांचं रहस्य. हॅरिएट एका सुनीताच्या (म्हणजे सॉनेटच्या, चौदा ओळींच्या कवितेच्या) आठ ओळी लिहून अडते. तो कागद पीटरच्या हाती लागतो आणि तो उरलेल्या सहा ओळी लिहून पूर्ण करतो. ती परत वाचते तेव्हा तिच्या लक्षात येतं की त्याने तिचा विचार पुढे नेलाय आणि त्याला उलटाही केलाय. दोनशे पानांच्या टोमण्यांना जमत नाही ते हे एक पान करतं.

शेवटी तो तिला लॅटिनमध्ये मागणी घालतो, आणि 'मॅजिस्ट्रा' म्हणजे एम.ए. झालेली, या पदवीने तिला संबोधतो. ऑक्सफर्डने बायकांना पदव्या द्यायला सुरुवात केली १९२० मध्ये, म्हणजे तो शब्द तेव्हा जेमतेम पंधरा वर्षांचा होता. हे माहीत असेल तर ती ओळ अंगावर येते.

शेवटचा_बाक
'गॉडी नाइट' मालिकेतलं आहे ना? आधीचं वाचावं लागेल का?

जुनी_वही
'स्ट्राँग पॉयझन' (१९३०) तेवढं आधी वाचा. त्यात तो तिला फासावरून वाचवतो, आणि पुढची पाच वर्षं ती त्याला नकार का देते ते उपकाराच्या त्या ओझ्यामुळे कळतं. मधलं 'हॅव हिज कार्केस' (१९३२) सोडलं तरी अडत नाही. 'गॉडी नाइट'ची पहिली शंभरेक पानं संथ आहेत, प्राध्यापिकांची नावं डोक्यात राहत नाहीत. एका चिठ्ठीवर नाव आणि विषय लिहून पुस्तकात ठेवा. रहस्य सुटताना कोणाचा विषय काय होता हे लागतंच.