मदत हवी आहे: जुन्या लष्करी रायफलीच्या दस्त्यावरील व्हार्निश काढून पुन्हा तेल मुरवण्याबाबत

नमस्कार.

ली-एनफील्ड नं. १ मार्क ३ या ब्रिटिश लष्करी रायफलीचा अक्रोडाच्या लाकडाचा दस्ता मूळ स्वरूपाच्या शक्य तितका जवळ न्यावा, असा माझा प्रयत्न आहे. रायफल कायदेशीररीत्या निकामी करून केवळ प्रदर्शनासाठी ठेवलेली असल्यामुळे प्रश्न लाकडापुरताच मर्यादित आहे. दस्ता अद्याप सुटा केलेला नाही.

सैन्यात असताना या लाकडाला जवसाचे कच्चे तेल चोळले जात असे. नंतरच्या कोणा मालकाने मात्र त्यावर पिवळसर, चकचकीत आणि बराच जाड थर चढवला आहे. काही ठिकाणी त्याचे पोपडे निघतात, पण जेथे तो धरून आहे तेथे नखाला दाद देत नाही. दस्त्याची अरुंद मान जवळजवळ काळी पडलेली आहे, स्क्रूंच्या भोकांभोवती निळसर काळी वर्तुळे उमटली आहेत, पुढच्या लांब लाकडाला मागच्या टोकाशी बारीक चीर गेलेली आहे आणि एका बाजूला पोचे आहेत. त्याच बाजूला, थराखाली अर्धवट दिसणारे तपासनिसांचे ठसे (तपासणी झाल्याच्या, लाकडात दाबलेल्या खुणा) आहेत, आणि माझी सर्वांत मोठी काळजी त्यांचीच आहे.

सुतारकाम करणाऱ्या एका परिचितांनी सरळ पॉलिशपेपर मारून लाकूड नवे करण्याचा सल्ला दिला. तो मला पटलेला नाही, कारण घासले की ठसे जातील, कडा गोल होतील आणि लाकूड धातूच्या पातळीच्या खाली बसेल. गेलेले लाकूड परत आणता येत नाही. तेव्हा हा थर कशाचा आहे हे कसे ओळखावे, तो न घासता कसा काढावा, काळेपणा कितपत घालवावा आणि शेवटी कच्चे तेल लावावे की बेलतेल (लवकर सुकावे म्हणून तयार केलेले जवसाचे तेल), याविषयी प्रत्यक्ष काम केलेल्यांनी मार्गदर्शन करावे, ही विनंती.

प्रतिसाद १

पॉलिशपेपर बाजूला ठेवलात, हे उत्तम केलेत. सर्वांत आधी दस्ता सुटा करण्याविषयी लिहितो, कारण या नमुन्यात खरी हानी तेथेच होते. मागच्या दस्त्यातून जाणाऱ्या लांब बोल्टचे पुढचे टोक चौकोनी असते आणि ते पुढच्या लाकडाच्या मागील टोकातील पत्रीत अडकलेले असते. पुढचे लाकूड जागेवर असताना मागून हा बोल्ट फिरवला, तर ते चौकोनी टोक पुढच्या लाकडाला आतून उकलते. म्हणून पुढचे लाकूड आधी उतरवावे आणि मगच बोल्टला हात लावावा. आपण वर्णन केलेली चीर याच कारणाने पडलेली असू शकते.

थर ओळखण्यासाठी दडलेल्या जागी, म्हणजे मागच्या धातूच्या पट्टीखाली, स्पिरिटमध्ये भिजवलेला बोळा काही मिनिटे ठेवावा. थर चिकट होऊन विरघळू लागला, तर ती चपडा लाख आहे. रशियन मोसिन-नागां रायफलींच्या दस्त्यांवर ती मूळचीच असते आणि तेथे ती काढण्यापूर्वी दहा वेळा विचार करावा लागतो. स्पिरिटने काही झाले नाही, पण लॅकर थिनरने थर विरघळला, तर ते लॅकर. थिनरनेही तो विरघळला नाही, नुसत्या सुरकुत्या पडल्या किंवा मऊ झाला, तर बहुधा पॉलियुरेथेन, म्हणजे प्लास्टिकसारखे कडक व्हार्निश. आपल्या वर्णनावरून मला हाच शेवटचा प्रकार वाटतो. त्यासाठी जेलसारखे रंग काढण्याचे द्रावण जाड थरात लावून वर प्लास्टिकचा कागद गुंडाळावा आणि थर फुगला की प्लास्टिकच्या पट्टीने, ठशांवर दात घासण्याच्या जुन्या मऊ ब्रशने, तो हलकेच उतरवावा. मिथिलीन क्लोराइड असलेले द्रावण टाळावे. बंद खोलीत त्याच्या वाफेने माणसे दगावलेली आहेत. भट्टी साफ करण्याचा कॉस्टिकयुक्त फवारा वापरण्याचा सल्लाही अनेक ठिकाणी मिळतो. काम झटपट होते, पण लाकूड काळवंडते, तंतू उभे राहतात आणि नंतर व्हिनेगरने क्षार मारत बसावे लागते. जर्मन के ९८ के रायफलींच्या पातळ पट्ट्या चिकटवून केलेल्या दस्त्यांवर तर तो मुळीच वापरू नये.

प्रतिसाद २

वरील मताशी सहमत आहे. काळेपणाबाबत एवढेच सांगतो की, आपल्या दस्त्यावर दोन वेगळे काळेपणे आहेत आणि त्यांचे उपायही वेगळे आहेत. मानेचा काळेपणा यंत्राच्या तेलाचा आहे. रायफली नळी वर करून उभ्या ठेवल्या जात, त्यामुळे धातूला लावलेले तेल वर्षानुवर्षे खाली झिरपून मानेत साचे. स्क्रूंभोवतीची वर्तुळे मात्र लोखंड आणि अक्रोडातील टॅनिन (लाकडातील तुरट द्रव्य) यांच्या संयोगाने झालेली आहेत. ती ऑक्झॅलिक आम्लाच्या सौम्य द्रावणाने फिकी होतात, तेलाच्या डागावर मात्र त्याचा काहीही उपयोग होत नाही. आम्ल विषारी आहे, हातमोजे घालावेत, नंतर लाकूड पाण्याने पुसून घ्यावे आणि वाळलेल्या पांढऱ्या कणांवर ब्रश फिरवताना नाकावर मुखपट्टी असावी.

तेल ओढून काढण्यासाठी खडूची बारीक भुकटी ॲसिटोनमध्ये कालवून त्याचा लेप द्यावा. ॲसिटोन उडून जाताना तेल भुकटीत येते आणि लेप पिवळट तपकिरी होतो. तो झाडून पुन्हा नवा लेप द्यावा. लेप जवळजवळ पांढरा राहू लागला की थांबावे. लाकूड कोरे करण्याचा अट्टहास करू नये, कारण शंभर वर्षांच्या दस्त्याला थोडा काळेपणा शोभतो, असे माझे मत आहे. ॲसिटोन झपाट्याने पेट घेते, म्हणून हे काम उघड्यावर आणि ज्योतीपासून दूर करावे.

पोच्यांसाठी थर निघाल्यानंतर ओले फडके ठेवून त्यावर गरम इस्त्री टेकवावी. दबलेले तंतू वाफेने फुगून वर येतात. तंतू तुटून पडलेली खाच मात्र अशी भरत नाही. आणि ठशांपासून वाफ कटाक्षाने दूर ठेवावी. ठसा म्हणजेसुद्धा दाबलेले लाकूडच. पोचा जसा वर येतो, तसाच ठसाही वर येऊन पुसट होतो. ठशाशेजारी पोचा असेल, तर तो पोचा राहू द्यावा.

मूळ लेखक

दोन्ही उत्तरांबद्दल मनापासून आभार. बोल्टची बाब मला अजिबात ठाऊक नव्हती. दोन शंका उरतात. चीर तेल काढण्याआधी चिकटवावी की नंतर? आणि तेलाच्या निवडीबाबत आपले मत काय आहे?

प्रतिसाद १

चीर नेहमी नंतर, कारण तेलकट लाकडावर कोणतेही डिंक धरत नाही. खडूचे लेप देऊन झाल्यावर चिरेत ॲसिटोन सोडून ती धुवावी, पूर्ण वाळू द्यावी, मग पातळ इपॉक्सी (दोन घटक मिसळून वापरायचा गोंद) आत ओढले जाईल अशा बेताने चीर किंचित उघडून भरावी आणि शिकंजात धरून ठेवावी. तेल लावण्याआधी हे सर्व आटोपलेले असावे.

ऐतिहासिकदृष्ट्या कच्चे तेल बरोबर आहे, पण ते सुकायला कित्येक दिवस, दमट हवेत आठवडेही घेते. बेलतेलात सुकवणारी धातूची संयुगे मिसळलेली असतात, त्यामुळे ते साधारण दिवसभरात सुकते. मी स्वतः पहिले एकदोन हात टर्पेंटाइनने पातळ केलेल्या कच्च्या तेलाचे देतो आणि नंतरही कच्चेच वापरतो, कारण बेलतेलाचे हात घाईने दिले की चिकटा उरतो. कोणतेही घ्या, पण हात पातळ असावा, तळहाताने चोळावा आणि पंधरावीस मिनिटांनी वर राहिलेले सर्व तेल पुसून काढावे. आतील खाचा आणि लाकडाची कापलेली टोके यांनाही तेल द्यावे. ती कोरडी राहिली, तर लाकूड एका बाजूने ओलावा घेऊन वाकते आणि नळीवर दाब येतो.

तेलाची फडकी कोणत्याही परिस्थितीत चुरगळून ढिगात टाकू नयेत. जवसाचे तेल हवेतील प्राणवायू शोषून सुकते आणि त्यात उष्णता निर्माण होते. ढिगात ती कोंडली की फडकी आपोआप पेटतात. ती उघड्यावर एकेक पसरून कडक होईपर्यंत वाळवावीत, किंवा पाणी भरलेल्या झाकणाच्या पत्र्याच्या डब्यात बुडवून ठेवावीत.