रिजेक्शनचं संशोधन: गोळ्या सुधारायच्या की गोळ्याच सोडवायच्या?

काठावरचा (धागाकर्ता)

प्रत्यारोपणावरचा कुठलाही लेख उघडा, शेवटी एक आश्वासन ठरलेलं: परका अवयव गोळ्यांशिवाय शरीरात नांदेल तो दिवस आता दूर नाही. हा दिवस १९५३ पासून दूर नाही! त्या वर्षी बिलिंगहॅम, ब्रेंट आणि मेडावर यांनी उंदरीच्या पोटातल्या गर्भांना परक्या वाणाच्या पेशी टोचल्या. ती पिल्लं मोठी झाल्यावर त्याच वाणाची कातडी त्यांच्या अंगावर लावली, आणि ती टिकली. मेडावरना १९६० साली नोबेल मिळालं आणि 'टॉलरन्स' (शरीराने परक्या पेशी गोळ्यांशिवाय खपवून घेणं) हा शब्द संशोधकांच्या डोक्यात ठाण मांडून बसला.

प्रत्यक्षात माणसं जगवली ती गोळ्यांनी. १९५४ साली बोस्टनला जी किडनी बसली ती एकसारख्या जुळ्या भावाची, तिथे रिजेक्शनचा, म्हणजे शरीराने परका अवयव झिडकारण्याचा, सवालच नव्हता. १९६७ साली केप टाउनला हृदय बसवलेला रुग्ण १८ दिवसांनी न्यूमोनियाने गेला. चित्र पालटलं प्रतिकारशक्ती दाबणाऱ्या औषधांनी: आधी सायक्लोस्पोरिनने, आणि मग टॅक्रोलिमसने. पहिलं नॉर्वेच्या मातीतल्या बुरशीतून निघालं, दुसरं जपानमधल्या त्सुकुबाच्या मातीतल्या जिवाणूतून. दोन मुठी मातीने जे केलं ते अख्ख्या टॉलरन्सला आजवर जमलेलं नाही.

आज पहिल्याच वर्षी किडनी गमावणारे थोडे. गाडी अडते ती पुढे, आठव्या-दहाव्या-बाराव्या वर्षी, दात्याविरुद्धच्या अँटीबॉडी अवयव हळूहळू पोखरू लागतात तेव्हा. पैसा आणि डोकी तिकडे वळवा, गोळ्या सौम्य करा, लोक त्या नियमित घेतील असं बघा, एवढंच माझं म्हणणं. कंटाळवाणं काम आहे, कबूल.

अकरावं वर्ष

धागाकर्त्याने गोळ्यांबद्दल लिहिलंय, खाल्लेल्या दिसत नाहीत.

माझ्यात बहिणीची किडनी आहे, अकरावं वर्ष चालू आहे. टॅक्रोने (टॅक्रोलिमसने) हात थरथरतो. माझी सही आता दोन प्रकारची होते, सकाळची आणि गोळीनंतर तासा-दोन तासांची, आणि दोन्ही कागदोपत्री असलेल्या सहीशी जुळत नाहीत. रक्तातली औषधाची लेव्हल तपासायच्या दिवशी रक्त दिल्याशिवाय सकाळची गोळी घ्यायची नसते. मग शर्टाच्या खिशात गोळी, हातात टोकन आणि डोळा घड्याळावर, कारण बारा तासांचं चक्र मोडायला नको. त्वचेचा कर्करोग नाही ना हे बघायला दरवर्षी अंग तपासून घ्यायचं. साखर वाढली तीही याच औषधाने.

आणि मुख्य म्हणजे किडनी वाचवणारं हे औषध किडनीलाच अपाय करतं. कुंपणच शेत खातं म्हणतात ते हे. 'सौम्य करा' म्हणणं सोपं आहे हो.

पिंजऱ्यामागून

प्रयोगशाळेत उमेदवारी केली आहे, म्हणून दोन शब्द. टॉलरन्स उंदरात इतका सहज जमतो की संशय यावा. कारण साधं आहे. प्रयोगातला उंदीर निर्जंतुक पिंजऱ्यात वाढतो, त्याच्या प्रतिकारशक्तीने जग पाहिलेलंच नसतं. माणसाने पन्नास वर्षांत शेकडो जंतूंशी झुंज दिलेली असते. त्या झुंजींच्या आठवणी बाळगणाऱ्या टी-पेशींपैकी (प्रतिकारशक्तीच्या लढवय्या पेशींपैकी) काही योगायोगाने परक्या अवयवालाही ओळखतात. नवशिक्या पेशीला समजावता येतं, या पेशी ऐकत नाहीत.

त्यातून एक जुनी जखम. टी-पेशीला हल्ल्यासाठी लागणारा दुसरा इशारा रोखणारी एक अँटीबॉडी नव्वदच्या दशकात माकडांत झकास चालली. माणसांत रक्ताच्या गुठळ्या झाल्या आणि चाचण्या थांबल्या. पुढे कळलं की दोष त्या रेणूच्या शेपटीत होता, मूळ कल्पनेत नव्हता. आता शेपूट बदलून तीच कल्पना पुन्हा माणसांत तपासली जातेय. मधली वीस वर्षं मात्र गेली. तेव्हा 'लवकरच'ही खोटं आणि 'मृगजळ'ही खोटं.

काठावरचा

मृगजळ मी कुठे म्हटलं?

पिंजऱ्यामागून

शब्द माझा, वास तुमच्या लेखाचा.

उलटतपासणी

तुम्ही सगळे 'रिजेक्शन कमी' म्हणजे 'रुग्णाचं भलं' असं धरून चाललाय. बेलाटासेप्टची गोष्ट ऐका. शिरेतून द्यायचं औषध, सुरुवातीचे डोस झाले की महिन्यातून एकदा. अमेरिकेत २०११ साली मान्यता मिळाली. चाचणीत पहिल्या वर्षी सायक्लोस्पोरिनपेक्षा यात तीव्र रिजेक्शन जास्त झालं. वापरायला बरेच जण कचरले. पण किडनीचं काम पहिल्यापासून बरं चाललं, आणि सात वर्षांनी बघितलं तर मृत्यू किंवा किडनी गमावण्याचा धोका ४३ टक्क्यांनी कमी!

म्हणजे ज्या गोष्टीला सगळे घाबरत होते तीच मोजपट्टी चुकीची होती. धागाकर्त्याच्या 'नियमित घेतील असं बघा' यालाही हे उत्तर आहे. सलाइन चुकवलं तर नर्सला त्याच दिवशी कळतं, घरी गोळी चुकवली तर कोणालाच नाही.

काठावरचा

तुलना सायक्लोस्पोरिनशी होती. तोवर बहुतेक ठिकाणी टॅक्रोलिमस आलं होतं, त्यामुळे ४३ टक्के हा आकडा आजच्या रुग्णाला जसाच्या तसा लावू नका. शिवाय ज्यांना एपस्टीन-बार विषाणूची लागण कधी झालेलीच नाही त्यांना हे देता येत नाही, लिम्फ पेशींच्या कर्करोगाचा धोका वाढतो.

पण मोजपट्टीचा मुद्दा मान्य. तो माझ्या लेखात यायला हवा होता.

मधली सुट्टी

डुक्कर राहिलं की! जनुकं बदललेल्या डुकरांचे अवयव येतायत, मग कसली चर्चा?

पिंजऱ्यामागून

डुक्कर हे टंचाईवरचं उत्तर आहे, रिजेक्शनवरचं नाही. उलट रिजेक्शन आणखी कडक होतं. २०२२ साली माणसाला बसवलेलं डुकराचं हृदय दहा जनुकं बदलूनही दोनेक महिनेच चाललं, आणि त्यात डुकराचा विषाणू सापडला. २०२४ च्या नोव्हेंबरात बसवलेली किडनी १३० दिवस चालली. संसर्ग झाला म्हणून औषधं कमी केली आणि रिजेक्शन झालं. फिरून गाडी त्याच गोळ्यांपाशी.

अकरावं वर्ष

'नियमित घेतील असं बघा' हे वाक्य मला बोचलं, सांगायचं राहिलं. गोळी चुकणं म्हणजे बेफिकिरी नव्हे. कॉलेजातल्या पोराला चेहऱ्याची सूज आणि मुरुमं नको असतात. १९९८ साली फ्रान्समध्ये पहिली यशस्वी हस्तप्रत्यारोपणाची शस्त्रक्रिया झाली, त्या माणसाने पुढे औषधं सोडली आणि २००१ मध्ये तो हात काढावा लागला. सगळे त्यालाच हसले. हा हात माझा वाटत नाही असं तो सांगत होता, तिकडे लक्ष कोणी दिलं?

आणि गोळ्या सुटतात, सुटलेल्या आहेत. बोस्टनच्या डॉक्टरांनी २००८ साली पाच रुग्णांचा अहवाल दिला. किडनीसोबत त्याच दात्याची अस्थिमज्जा (प्रतिकारशक्तीच्या पेशी जिथे बनतात ती) दिली होती. चौघांच्या गोळ्या बंद झाल्या.

उलटतपासणी

आणि पाचव्याची किडनी रिजेक्शनने गेली. पाचात एक. मज्जा रुजावी म्हणून आधी केमोचं औषध, छातीतल्या थायमस ग्रंथीवर किरणं. सगळं जुळवून कशीबशी चाललेली किडनी असेल तर हा जुगार कोण खेळेल?

@अकरावं वर्ष, खोचकपणे नाही, खरंच विचारतो. उद्या तुम्हाला देऊ केलं तर घ्याल? बहिणीकडे पुन्हा, आता मज्जा मागायला जाल?

अकरावं वर्ष

नाही जाणार. तिच्या कुशीवरचा व्रण मी पाहिलाय, पुन्हा सुई घे असं सांगायला माझी जीभ उचलणार नाही. ती हो म्हणेल, म्हणून तर विचारायचंच नाही.

पण पहिल्याच वेळी, किडनी देतानाच, दोन्ही एकदम मागितलं असतं तर? तेव्हा मला हे कोणी सांगितलंच नाही. सांगायला हवं होतं का, हे मात्र मला अजून ठरवता येत नाही.

काठावरचा

लेख सुधारतो. मोजपट्टीचा परिच्छेद टाकतो आणि 'नियमित घेतील असं बघा' काढतो. बाकी मतभेद कायम.