स्वस्त शॉकअपवाल्यांना नावं ठेवण्याआधी

घाटउतार:
परवा ‘पहिली सायकल कोणती?’ या चर्चेत रिजिडभक्त यांनी फर्मान काढलं: ‘पंधरा हजारांच्या आतली शॉकअपवाली सायकल म्हणजे पैसे मोजून लोखंड ओढणं. मुंबईत रिजिड फोर्कच (पुढचं चाक धरणारा, शॉकअप नसलेला दांडा) घ्यावा, बाकी सगळे दुकानदाराचे बकरे.’ दोन ओळींत भागणारं नव्हतं, म्हणून वेगळा धागा.

साहेब, सकाळी आठला अंधेरी-कुर्ला रोडवरून एकदा या. खचलेले पेव्हर ब्लॉक, चार बोटं खाली गेलेली गटारांची झाकणं, खोदकामाच्या पत्र्यांना लागून उरलेली हातभर पट्टी. बस मागे असताना खड्डा चुकवायला जागाच नसते, त्यात जावंच लागतं. तिथे सनटूर एक्ससीटीसारखा साधा, स्वस्त शॉकअपसुद्धा मनगटं वाचवतो. आत-बाहेर सरकणारे पाय 28 मिमीचे, कॉइल स्प्रिंग, वजन अडीच किलोच्या घरात, सगळं कबूल. त्यावर डोंगर उतरायला कोण सांगतंय?

शॉकअप स्वस्त आहे म्हणून मरत नाही, तो कधी उघडलाच जात नाही म्हणून मरतो. दुकानात सर्व्हिसिंग म्हणजे चेनला तेल, ब्रेक आवळणे आणि फडका. खालचे दोन बोल्ट सोडले की फोर्कचा खालचा भाग सरकून हातात येतो. काळं झालेलं ग्रीस पुसायचं, नवीन भरायचं, सीलखाली (पाय आत जातो तिथली रबरी कडी) फोमची रिंग असली तर ती तेलात भिजवायची. रॉकशॉक्ससारखी कंपनी 50 तास चालवल्यावर हे करा म्हणते. आपण निदान पावसाळ्याआधी आणि नंतर तरी करावं. एवढंही न करता ‘शॉकअप भंगार’ म्हणणाऱ्यांचा मला राग येतो.

रिजिडभक्त:
नाव घेऊन धागा काढलात, आभारी आहे. मी जेव्हीएलआर (जोगेश्वरी-विक्रोळी लिंक रोड) करतो, रोज. पुढे 2.1 इंची टायर, हवा 35 पीएसआय. मनगटं जागेवर आहेत. लोक टायरात दगडासारखी हवा भरतात आणि मग शॉकअप शोधत फिरतात.

आणि तुमच्या लाडक्या एक्ससीटीच्या डोक्यावर जो नॉब असतो ना, प्रीलोडचा, तो फिरवून सगळ्यांना वाटतं शॉकअप कडक झाला. स्प्रिंग तीच राहते, फक्त आधीच थोडी दाबून ठेवली जाते. माझा भाऊ पंच्याण्णव किलोचा, ब्रेक दाबला की फोर्क तळाला. वहिनी त्याच सायकलवर बसली तर तो हलतही नाही. एअर फोर्कात निदान वजनाप्रमाणे हवा भरता येते. 100 मिमी ट्रॅव्हल, म्हणजे दबायची जागा, असेल तर बसल्यावर साधारण 20 मिमी दबला की झालं. पण त्याला शॉक पंप वेगळा, आणि किंमत जवळपास या सायकलीएवढी. मग उरलं काय? रिजिड.

तेलकट हात:
दोघेही शहाणे आहात, पण बसवायला माझ्याकडे येतात, म्हणून बोलतो. एक मुलगा ऑनलाइन सेलमधून एअर फोर्क घेऊन आला, खूश. स्टिअरर, म्हणजे फोर्कची हँडलकडे जाणारी नळी, टेपर्ड, म्हणजे खाली दीड इंच. ती जिच्यात बसते ती फ्रेमची हेडट्यूब जुनी, सरळ 28.6 मिमीच्या स्टिअररची. ‘काका, थोडं घासून बसेल का?’ कुठून बसणार? आधी ते मापा, मग पैसे भरा.

रिजिडभक्त, तुमच्या पंथालाही सांगतो. 100 मिमीचा शॉकअप काढून मिळेल तो आखूड फोर्क घातला की सायकलचं तोंड खाली जातं, हँडल चंचल होतं, पेडल स्पीडब्रेकरला घासतं. सस्पेन्शनच्या उंचीला जुळणारा रिजिड मागवून घ्यावा लागतो.

आणि शॉकअपच्या पायांवर डब्ल्यूडी-40 मारणं बंद करा. ते 1953 साली पाणी हटवायला बनवलं होतं. मारलंत की दोन दिवस गुळगुळीत, मग आतलं ग्रीस धुऊन खडखड चालू.

मृण्मयी_बोरिवली:
ग्रीस वगैरे सगळं ठीक आहे हो, सायकल ठेवायची कुठे ते सांगा. आमच्या सोसायटीत लिफ्टमधून न्यायला बंदी. का? तर फरशीला टायरचे डाग पडतात. पार्किंगमध्ये ठेवली तर ‘हा स्लॉट गाडीचा आहे’. म्हणून ती जून ते सप्टेंबर कंपाउंडच्या भिंतीला उघड्यावर. शॉकअपच्या क्रोमच्या पायांवर गंजाचे बारीक खड्डे पडलेत आणि त्यांनी नवीन सीलही कापलं. आता सांगा, दोष देखभालीचा की सेक्रेटरीचा?

नियमानुसार:
मी एका सोसायटीचा सेक्रेटरी आहे. लिफ्ट माणसांसाठी असते. चिखलाची सायकल आत आली की तक्रारी कोणाकडे येतात? आमच्याकडे. वीस मुलांच्या सायकली जिन्याखाली पडून आहेत, मुलं अमेरिकेत. त्यांना हात लावला तरी भांडण. फुकट काम करतो आम्ही.

मृण्मयी_बोरिवली:
काका, परवा चौथ्या मजल्याचं इंटिरिअर झालं. सिमेंटच्या गोणी आणि प्लायवूड त्याच लिफ्टमधून गेले. तेव्हा डाग पडले नाहीत?

नियमानुसार:
त्याचं डिपॉझिट घेतो.

घाटउतार:
मग सायकलचंही घ्या ना! मेट्रो 2अ आणि 7 मध्ये सायकल घेऊन चढता येतं, आणि स्वतःच्या घरी जायला लिफ्ट नाही. कोस्टल रोडवर सायकलला बंदी, सी लिंकवर बंदी, आता लिफ्टमध्येही बंदी.

रिजिडभक्त:
घाटउतार, यावर तुमच्याशी सहमत व्हावं लागतंय याचं मला मनापासून दुःख आहे. मी सायकल खांद्यावर घेऊन तीन मजले चढतो. रिजिड आहे म्हणून चढता येतं, हेही नोंदवून ठेवा.

नियमानुसार:
एजीएमला या आणि ठराव मांडा. चर्चेत शूर सगळेच असतात, मीटिंगला कोरम भरत नाही.

मृण्मयी_बोरिवली:
मीटिंग रविवारी सकाळी ठेवता. सायकलवाले तेव्हा आरेत किंवा येऊरला असतात. मुद्दाम ठेवता का?

घाटउतार:
मृण्मयीताई, लिफ्टचं काय व्हायचं ते होवो. तोवर फोर्कावर जुन्या ट्यूबचा तुकडा गुंडाळू नका, आत पाणी साठतं. पाय कोरड्या फडक्याने पुसून ग्रीसचा पातळ थर. प्लास्टिकचं कव्हर घातलंत तर खालून उघडं ठेवा.

नवा_पेडल:
मध्येच विचारतो, सेकंडहँड घेतोय. पुढून कटकट आवाज येतो. शॉकअप गेला का? विकणारा म्हणतो हेडसेट (हँडलखालचं बेअरिंग) सैल आहे.

तेलकट हात:
पुढचा ब्रेक दाबून धर आणि सायकल पुढेमागे हलव. दुसऱ्या हाताचं बोट आधी हेडसेटवर ठेव, मग सीलजवळ, जिथे पाय आत जातो तिथे. जिथे हलताना जाणवेल तिथे रोग. हेडसेट असेल तर पाच मिनिटांचं काम. सीलजवळ असेल तर आतले बुश (पाय ज्यांत सरकतात त्या कड्या) झिजलेत, आणि या किमतीच्या फोर्कात ते बदलायचा खर्च परवडत नाही. पायांवरून नखही फिरवून बघ. खड्डे नखाला लागले तर नवीन सील घालू नको, महिन्यात जाईल. किंमत पाडून माग.

रिजिडभक्त:
आणि मग फोर्क कोणता घालायचा ते मला विचार.

घाटउतार:
विचार, विचार. फक्त आधी कुठल्या मजल्यावर राहतोस ते सांग.